हाकेचं पान

दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना रविवारी बंद असतो. तरीही दर रविवारी दुपारी चार वाजता तिथल्या बाहेरच्या खोलीत चार माणसं बसलेली दिसतात. दात कोणाचाच दुखत नसतो. ही माणसं घाबरायला जमतात. नेमकं सांगायचं तर, आठवडाभर आपापल्या घरी बसून जे घाबरून झालं त्यावर बोलायला. भयकादंबऱ्यांचं या चौघांना वेड आहे. मास्तर म्हणतात, या विषयाला याहून चांगली जागा अख्ख्या शहरात मिळायची नाही. इथल्या भिंतींनी जेवढं कण्हणं ऐकलंय तेवढं पुस्तकातल्या एकाही पछाडलेल्या बंगल्यानं ऐकलेलं नाही, आणि कोणाची दातखीळ बसलीच तर डॉक्टर समोरच.

मास्तर एकतीस वर्षं गणित शिकवून आता घरी बसलेले. त्यांना न दिसणारं भूत आवडतं. शेवटच्या पानापर्यंत ते दिसता कामा नये, आणि दिसलंच तर पाठमोरं. शहराची बस चालवणारे ड्रायव्हरसाहेब अगदी उलट्या मताचे. पहिल्या वीस पानांत एक तरी मुडदा पडला नाही तर त्यांना जांभया येतात. मास्तरांच्या आवडत्या भुतांना ते सतरा नंबरची बस म्हणतात: नुसती वाट बघायची. डॉक्टरीणबाईंना घरांच्या गोष्टी लागतात. जिना, माळा, कुलूप घातलेली खोली. माणसांची तोंडं उघडून आत डोकवायची सवय जडली, ती म्हणे घरांच्या बाबतीतही सुटत नाही.

चौथा लिफ्टवाला. ही गोष्ट त्याची.

लिफ्टवाला म्हणजे लिफ्ट चालवणारा नव्हे, तिची देखभाल करणारा. पन्नाशीच्या थोडा अलीकडे, अंगानं बारीक, कितीही धुतली तरी बोटांच्या पेरांत काळं ग्रीस. शहरातल्या बावीस इमारती त्याच्याकडे होत्या. महिन्यातून एकदा प्रत्येक लिफ्ट बंद ठेवायची, केबिनच्या टपावर चढून तारदोर तपासायचे, रूळ पुसायचे आणि मग सगळ्यात खालच्या खड्ड्यात उतरायचं. त्या खड्ड्यात माणूस उभा राहिला की डोक्यावर केबिनचा तळ येतो आणि त्याच्याही वर आठ-दहा मजल्यांचा अंधार. लोकांना वाटायचं, असल्या जागी काम करणाऱ्याला भुताची कसली भीती. खरोखरच तिथं त्याला कधी भीती वाटली नाही. तिथला प्रत्येक आवाज ओळखीचा होता. कुठली कुरकुर कुठल्या बोल्टाची, हे तो डोळे मिटून सांगू शके. भीती वाटायची ती घरी, खुर्चीत, हातात पुस्तक असताना, शेजारच्या खोलीत काहीच वाजत नसे तेव्हा.

पूर्वी वाजायचं. शिलाई मशीन वाजायचं.

ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आईवडील लवकर गेले. तिनं लग्न केलं नाही, पुढं त्यानंही केलं नाही. का, ते दोघांनी एकमेकांना कधी विचारलं नाही. ताई नवे कपडे शिवत नसे, दुसऱ्यांनी शिवलेले नीट करून द्यायची. कोणाची कंबर सैल, कोणाची बाही लांब, कोणी सुटलं, कोणी वाळलं. "माझ्याकडं माणसं येत नाहीत रे, त्यांच्यातला फरक येतो," असं म्हणायची. पुस्तकाला तिनं जन्मात हात लावला नाही. डोळे सुईसाठी राखून ठेवलेत, हे तिचं ठरलेलं कारण. पण संध्याकाळी तो कामावरून आला, हातपाय धुऊन चहाचा कप घेऊन समोरच्या स्टुलावर बसला, की ती मशीन न थांबवता विचारायची, "हं, कुठवर आलं तुझं भूत?"

मग तो सांगायचा. चांगलं रंगवून, हातवारे करून, जिथं पुस्तकात पाचावर धारण बसते तिथं आवाज खाली आणून. ताई दातांत दोरा धरून ऐकायची आणि मध्येच एखादं वाक्य टाकायची. विहिरीतून दर महिन्याला वर येणाऱ्या बाईची कादंबरी चालली होती तेव्हा ती म्हणाली, "एवढी ओली होऊन येते आणि कोणी टॉवेलसुद्धा पुढं करत नाही. चिडेल नाही तर काय." आरशात दुसराच चेहरा दिसणाऱ्या माणसाबद्दल तिचं मत पडलं, की चाळिशीनंतर सगळ्यांनाच तो दिसतो. एक भूत तीनशे वर्षं एकाच खोलीत बसून आहे म्हटल्यावर तिनं फक्त विचारलं, खोलीला खिडकी आहे ना. तो हसायचा, आणि अंगावरचा काटा बसायचा. वीसएक वर्षं हे असं चाललं.

ताई चार दिवसांच्या तापानं गेली. तिनं हातात घेतलेले आठ कपडे अर्धवट राहिले होते. ज्यांचे होते ते येऊन तसेच घेऊन गेले.

त्यानंतर पाचव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंच्या इमारतीतली लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली आणि आत खुद्द डॉक्टरीणबाई. त्यानं दार फाकवून त्यांना बाहेर काढलं. आभार वगैरे मानायच्या आधीच त्यांची नजर त्याच्या हत्यारांच्या पिशवीतून डोकावणाऱ्या पुस्तकावर गेली. हे तुम्ही वाचता का, कसं वाटलं, असं त्यांनी विचारलं. शेवट सोडून चांगलं आहे, असं तो म्हणाला. नेमकं हेच बाईंचं मत होतं. रविवारी चार वाजता या, असं सांगून त्या जिन्यानं वर गेल्या.

पहिल्या रविवारी त्याला तिथला नियम समजावला गेला. पुस्तक चौघांत फिरतं. वाचता वाचता ज्या पानावर पहिल्यांदा घरातल्या कोणाला तरी हाक मारावी लागली, त्या पानात प्रत्येकानं आपल्या नावाची चिठ्ठी ठेवायची. ते त्याचं हाकेचं पान. पुस्तकाला दुसरे कुठलेही गुण द्यायचे नाहीत. मास्तर म्हणाले, "गुण देणं सोपं असतं, जन्मभर दिलेत. पण खुर्चीतून न उठता 'अगं, जरा इकडं येतेस का' म्हणायचं, आणि का बोलावलं ते सांगता येत नाही, हे काही कोणी उगाच करत नाही." ज्याचं हाकेचं पान जितकं अलीकडं तितकं पुस्तक जबर. डॉक्टरीणबाईंनी त्यासाठी रोग्यांच्या वेळा लिहायची एक जुनी वही ठेवली होती. तिच्यात पुस्तक, पान, हाक कोणाला मारली आणि तो माणूस आल्यावर काय म्हणाला, असे चार रकाने. चौथा रकाना ड्रायव्हरसाहेबांच्या बायकोमुळे सुरू झाला होता. त्यांनी तिला हाक मारली तेव्हा ती म्हणाली होती, "भूत आलं असेल तर त्याला म्हणावं, आलाच आहेस तर दूध तापत ठेव."

सगळे हसले आणि मग सगळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं. त्या वेळी फिरत असलेली विहिरीवाली कादंबरी त्यानं पूर्वीच वाचलेली होती, आल्या आल्या बाईंना त्यानं तसं सांगितलंही होतं. मास्तरांनी विचारलं, "मग? कोणाला हाक मारलीत?"

त्याच्या तोंडून निघून गेलं, "ताईला."

"काय म्हणाली?"

त्यानं टॉवेलचं सांगितलं. ड्रायव्हरसाहेब पोट धरून हसले. डॉक्टरीणबाईंनी डोळे पुसले आणि वहीत शब्द न् शब्द उतरवून घेतला. तो घरी निघाला तेव्हा त्याच्या मनाला काहीही टोचत नव्हतं. ताईला हाक मारली होती हे खरं होतं, ती असं म्हणाली होती हेही खरं होतं. फक्त तारीख चुकीची होती.

पुढं हे सोपं होत गेलं. सुरुवातीला प्रत्येकानं आपापली जुनी आवडती पुस्तकं आणली, आणि त्यातली बहुतेक त्यानं ताईला कधी ना कधी सांगितलेली होती. आठवायला बसलं की तिची वाक्यं एकेक करून वर यायची. काही तर तो विसरूनही गेला होता. एखादं सापडलं की दिवसभर खड्ड्यात काम करताना तो ते सांभाळून ठेवी, रविवारपर्यंत सांडू नये म्हणून. त्या खोलीत चार माणसं बसत, पण हळूहळू ती पाच जणांची झाली. मास्तर आणि ड्रायव्हरसाहेब यांचं जुंपलं, की शेवटी कोणीतरी म्हणायचं, थांबा, ताईचं मत काय? भुताचं कारण पुस्तकात सांगावं की सांगू नये, यावर दोन रविवार वाद झाला होता. मास्तर म्हणत, उदाहरण सोडवलं की संपलं, भूत सोडवू नये. ड्रायव्हरसाहेब म्हणत, पुस्तक आपण विकत घेतो, मग उत्तर का नको. तेव्हा त्यानं ताईचं एक जुनं वाक्य काढलं: "मेल्यावरसुद्धा कारणं द्यायची का बाईमाणसानं?" वाद तिथंच मिटला. डॉक्टरीणबाईंनी त्या वाक्याखाली दोन रेघा मारल्या.

पण साठवण ती साठवण. एका वर्षात आवडती पुस्तकं संपली आणि नवी यायला लागली, बहुतेक ताई गेल्यावर छापलेली. त्या जहाजाच्या कादंबरीत दर सकाळी प्रवासी मोजले की एक जास्त भरायचा. एकशेबाराव्या पानावर त्याच्या काळजाचं पाणी झालं. त्यानं हाक मारली. शेजारच्या खोलीत मशीनवरचं कापड हलत नव्हतं. रविवारला चार दिवस होते आणि सांगायला काही नव्हतं.

शुक्रवारी तो एका खड्ड्यात रुळांना ग्रीस लावत होता. हात चालू होते, डोकं मोकळं होतं. ताई असती तर काय म्हणाली असती, याचा विचार करता करता एक वाक्य जुळलं. रविवारी त्यानं ते सांगितलं. "स्वयंपाक्याला विचारा म्हणावं. जेवणारं तोंड वाढलं तर पहिलं त्यालाच कळतं." इतका हशा आजवर कोणत्याही वाक्याला पिकला नव्हता. मास्तरांना ठसका लागला. ड्रायव्हरसाहेबांनी तिथूनच बायकोला फोन लावून वाक्य ऐकवलं. तिला एव्हाना ताईची इतकी गोडी लागली होती की रविवारी नवरा दारातून आत आला की पाणी द्यायच्या आधी ती ताई काय म्हणाली ते विचारायची.

तोही हसत हसत घरी आला. चपला काढल्या, दिवा लावला, आणि आज सगळे किती हसले हे सांगायला तोंड उघडलं. मग स्टुलावर बसून राहिला. चहा केला नाही.

तरी पुढच्या वेळी त्यानं पुन्हा जुळवलं. मग पुन्हा. न जुळवून करणार काय? ताईशिवाय त्या खोलीत त्याला काय काम होतं? मास्तरांसारखं मुद्देसूद बोलणं त्याला जमत नसे, ड्रायव्हरसाहेबांसारखी नक्कल येत नसे. तो जेव्हा स्वतःचं मत सांगे तेव्हा लोक मान डोलावत आणि वाट बघत. आणि दुसरीही एक गोष्ट होती, ती तो स्वतःशीसुद्धा मोठ्यानं बोलला नसता. आठवड्यातून दोन तास एका जागी ताई जिवंत असायची. तिचं नाव घेतलं की माणसं खुर्चीत पुढं सरकायची. असं ठिकाण त्या शहरात दुसरं नव्हतं.

मग ताईला एकदा घेऊन या, असा आग्रह सुरू झाला. तिचे गुडघे दुखतात, जिने झेपत नाहीत, असं तो म्हणाला. ड्रायव्हरसाहेब म्हणाले, "इमारतीला लिफ्ट आहे आणि लिफ्टवाला घरचा आहे. अजून काय पाहिजे?" तिला चार माणसांत बोलायला आवडत नाही, असं सांगून त्यानं वेळ मारून नेली.

त्यानंतरच्या रविवारी डॉक्टरीणबाईंनी निघताना त्याच्या हातात एक पिशवी ठेवली. आत त्यांचा नवा पांढरा कोट होता. खांदे उतरत होते, बाह्या बोटांवर येत होत्या. ताईला म्हणावं, सवडीनं कर, घाई नाही. तुम्हीच म्हणाला होतात ना, ती हेच काम करते. तो म्हणाला होता खरा. आगीतून फुफाट्यात पडावं तसा तो पिशवी घेऊन जिना उतरला. लिफ्टनं जायचंही लक्षात राहिलं नाही.

घरी आल्यावर त्यानं मशीनवरचं कापड काढलं. सुईत अजून निळा दोरा होता. कोट मांडीवर घेऊन तो ताईच्या जागी बसला. बाही कुठून उसवायची हेच कळेना. आधी खडूनं खूण करायची की आधी टाचण्या लावायच्या? खांदा घट्ट करायला बाही सुटी करावी लागते का? वीस वर्षं तो हातभर अंतरावर बसला होता. पण सगळा वेळ तो गोष्ट सांगण्यात गुंग. ताईच्या हातांकडं त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. ती ऐकत होती, म्हणजे ती त्याच्याकडं पाहत होती एवढंच त्याला आठवत होतं. आणि ते तरी खरं होतं का? शिवताना माणूस सुईकडं बघतं.

बुधवारी कामावरून येताना तो बाजारातल्या शिंप्याकडं गेला. शिंप्यानं कोट उलगडला, झटकला, खांद्याची शिवण चिमटीत धरून पाहिली आणि शनिवारी घेऊन जा म्हणाला. त्यानं खडू उचलला. आता दोन रेघा ओढल्या की संपलं. रविवारी कोट बाईंच्या हातात, वा वा, ताईच्या हाताला काय सफाई आहे.

"थांबा," लिफ्टवाला म्हणाला. "राहू द्या."

शिंपी खडू धरून बघतच राहिला. त्याला वाटलं गिऱ्हाईक घासाघीस करणार. पण यानं कोटाची घडी घातली आणि तो दुकानाबाहेर पडला.

दुसऱ्या कोणाचा टाका ताईचा म्हणून देणं त्याच्यानं झालं नाही. रस्त्यानं चालताना त्याला याचं थोडं बरंच वाटत होतं. निदान एवढं तरी आपण केलं नाही. मग कोपऱ्यावर वाहनं थांबायची वाट बघत उभा असताना त्याच्या ध्यानात आलं, की हे तर त्यानं कधीच केलंय. एकदा नव्हे. गेले आठ महिने दुसऱ्याच कोणाची वाक्यं तो ताईची म्हणून देत आला होता. आणि लोकांना ती जास्त आवडली होती. सिग्नल सुटला. मागच्या माणसानं "चला की हो" म्हटलं तेव्हा तो हलला.

रविवारी तो सगळ्यात आधी पोचला. मास्तर आले, घाम पुसत ड्रायव्हरसाहेब आले. बाईंनी वही काढली. या वेळच्या पुस्तकात एका वसतिगृहातली गोष्ट होती. मास्तरांचं हाकेचं पान एकशेचाळीस. त्यांनी सुनेला पाणी मागितलं होतं, आणि तिनं तांब्या ठेवून विचारलं होतं, पाणी पाहिजे की सोबत. ड्रायव्हरसाहेबांचं पान एकसष्ट. मग बाईंनी पेन त्याच्याकडं वळवलं आणि पिशवी दिसली म्हणून आधी तेच विचारलं. कोट झाला का?

"नाही झाला," तो म्हणाला. "ताई नाहीये."

"गावाला गेलीय?" ड्रायव्हरसाहेबांनी विचारलं.

"नाही. दोन वर्षं झाली. मी इथं यायला लागलो त्याच्या आधीच गेली ती."

बाहेर रस्त्यावर एक रिकामी गाडी खडखडत गेली. त्यानं पिशवी बाईंच्या पायाशी ठेवली आणि उठायला खुर्चीच्या हातांवर जोर दिला. पण बाईंनी नुसता तळहात आडवा केला, रोग्याला बसा म्हणतात तसा, आणि तो बसला.

पहिले बोलले ते ड्रायव्हरसाहेब, आणि ते रागावलेले होते. आवाज मात्र बारीक झाला होता. "मी माझ्या बायकोला काय सांगू? तिनं ताईसाठी म्हणून स्वेटर विणायला घेतलाय. गुडघे दुखतात म्हणालात तर मलम विचारून ठेवलंय कोणाला तरी. तुम्ही बसून आमची मजा बघितलीत होय?"

"मजा नाही," लिफ्टवाला म्हणाला.

मास्तर बराच वेळ चष्मा पुसत होते. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे ही सगळी पुस्तकं तुम्ही घरात एकटे बसून वाचलीत? जहाजाचं सुद्धा?"

"हो."

"मग भीती वाटल्यावर काय करता?"

"हाक मारतो की."

"कोणाला?"

"ताईलाच."

मास्तरांनी चष्मा घातला. त्यांनी विचार केला आणि मग, एखादं गणित फळ्यावर तपासावं तशा कोरड्या आवाजात निवाडा दिला. रकान्याचं नाव आहे, हाक कोणाला मारली. कोण आलं, असा रकाना नाही. तेव्हा पहिले तिन्ही रकाने बरोबर आहेत, ते खोडायचं कारण नाही. चौथ्याचं मात्र बघावं लागेल.

चौथ्याचंच तर दुखणं आहे, असं ड्रायव्हरसाहेब पुटपुटले. ताई नव्हती तर मग बोलत कोण होतं?

तेव्हा त्यानं सांगितलं. अर्ध्याहून जास्त वाक्यं ताईची आहेत, अगदी तिच्या तोंडची, वीस वर्षांत वेगवेगळ्या संध्याकाळी बोललेली. आणि उरलेली त्यानं खड्ड्यात बसून केलेली. कोणकोणती, असं बाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता, पण कळवळाही नव्हता. नोंद चुकली असेल तर ती नीट करायची, एवढंच. त्यांनी वही पहिल्या पानापासून उघडली. मी एकेक वाचते, तुम्ही सांगा.

तिथं एकतीस वाक्यं होती. टॉवेलचं. ताईचं, तो म्हणाला, आणि बाईंनी समासात बारीक खूण केली. आरशाचं, ताईचं. खिडकीचं, ताईचं. कारणं द्यायची का बाईमाणसानं, हे वाचताना बाई क्षणभर थांबल्या. "हे तिचंच," तो त्यांनी विचारायच्या आधीच म्हणाला. जहाजाचं आलं तेव्हा ड्रायव्हरसाहेबांनी मान वर केली.

"ते माझं."

"स्वयंपाक्याचं? तुमचं?" ड्रायव्हरसाहेब त्याच्याकडं बघत राहिले, पहिल्यांदाच बघत असल्यासारखे. "बायकोनं ते तिच्या भावाला लिहून पाठवलं होतं," ते थोड्या वेळानं म्हणाले, आणि ते चांगलं की वाईट हे त्यांचं त्यांनाच ठरवता आलं नाही.

वही पुढं सरकत होती. त्याचं, ताईचं, त्याचं, त्याचं. आपण केलेलं वाक्य आलं की त्याचे कान तापत, पण तेवढंच. जड जात होतं ते ताईचं वाक्य सोडताना. एकदा खूण झाली की ते झालं. पुन्हा कोणी विचारणार नव्हतं.

मग बाईंनी सव्विसावं वाचलं. ज्यातला जिना उतरताना चढण्यापेक्षा एक पायरी जास्त भरते, त्या पुस्तकाचं. चौथ्या रकान्यात लिहिलं होतं: "उतरताना मोजू नये."

तो खुर्चीत पुढं सरकला.

"ताईचं?" बाईंनी विचारलं.

त्याला स्पष्ट ऐकू येत होतं. तिनं दात घट्ट मिटून, दोरा तोडायच्या बेतात असताना म्हटलं होतं, म्हणून "मोजू" हा शब्द जरा दबलेला. आणि तितकंच स्पष्ट हेही आठवत होतं, की सोळा नंबरच्या इमारतीच्या खड्ड्यात लोखंडी शिडीवर बसून त्यानं ते तपासणीच्या कागदामागं लिहून काढलं होतं. आठवलं म्हणून लिहिलं, की सुचलं म्हणून? त्यानं डोळे मिटले. खड्ड्यातला कुठलाही आवाज कशाचा ते त्याला ओळखता यायचं. हा येईना.

"माझं असेल," तो म्हणाला. मग म्हणाला, "नाही. थांबा."

मास्तरांनी इकडंतिकडं पाहिलं आणि मासिकांच्या खालच्या फळीवर वाचून झालेली पुस्तकं असत, तिथून जिन्याचं पुस्तक ओढून काढलं. त्यांना उपाय सापडला होता. पहिल्या पानामागं छपाईचं साल असतं. ताई गेल्यानंतरचं असेल तर प्रश्नच मिटला, वाक्य तुमचं. आधीचं असेल तर बहुधा तिचं. यात अडायचं काय आहे? त्यांनी अंगठा मुखपृष्ठाखाली घातलासुद्धा.

"नको, मास्तर."

मास्तर थांबले.

"नका बघू," लिफ्टवाला म्हणाला. "एवढं एक राहू द्या."

मास्तरांना न सोडवलेलं काही हातात धरायची सवय नव्हती. त्यांनी बाईंकडं पाहिलं. बाईंनी पेनचं टोक समासावरून उचललं, सव्विसाव्या ओळीपुढची जागा तशीच कोरी ठेवली आणि पान उलटून त्या सत्ताविसावं वाचू लागल्या. मास्तर ऐकत राहिले, बंद पुस्तक मांडीवर धरून, अंगठा बाहेर काढून.